कोरडी हवा आणि ह्युमिडिफायर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : हीटर लावला की घसा सुकतो, ओठ फुटतात, दाराच्या कडीला हात लावला तर विजेचा चटका बसतो. हीटर हवेतले पाणी जाळतो का?

जाळत नाही. पाणी तेवढेच राहते, हवेची तहान वाढते. शून्य अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जेमतेम ५ ग्रॅम बाष्प मावते, २० अंशांना १७ ग्रॅमच्या वर. त्यामुळे बाहेरची धुक्याने गच्च भरलेली थंडगार हवासुद्धा आत येऊन तापली की तिची सापेक्ष आर्द्रता (मावेल तेवढ्या बाष्पापैकी किती टक्के प्रत्यक्षात आहे ते) ३० टक्क्यांखाली घसरते. मग ती मिळेल तिथून ओलावा ओढते. तुमचे नाक आणि ओठ तिला सर्वांत आधी सापडतात.

पण लगेच ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारे यंत्र, आणायला धावू नका. आधी हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारे उपकरण, घ्या. घरात ३० ते ५० टक्के आर्द्रता पुरे. ५० च्या वर गेलात तर धुळीतल्या माइट्सची (डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांची) चैन होते. स्वस्तातले हायग्रोमीटर थापाही मारतात, म्हणून एकदा तपासून घ्या : बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यावर थेंब थेंब पाणी टाकून ते ओल्या वाळूसारखे करा. विरघळू देऊ नका. झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ दिसायला हवा. ६९ दिसला, तर पुढे प्रत्येक वेळी सहा मिळवून वाचायचे.

प्रश्न : अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर घेतला. आठवड्यात टेबलावर, टीव्हीवर पांढरी भुकटी बसली. पाणी उकळून घातले तर चालेल ना?

ती भुकटी म्हणजे पाण्यातले क्षार. या यंत्रातली छोटी चकती सेकंदाला दहा लाखांहून अधिक वेळा थरथरते आणि पाण्याचे तुषार करून उडवते. पाण्यात जे काही असेल ते तुषारांबरोबर हवेत जाते, आणि टेबलावर बसते तसेच ते श्वासातही जाते. उकळल्याने जंतू मरतात. क्षार थोडेफार भांड्याच्या तळाशी बसतात, बाकीचे पाण्यातच राहतात. डिस्टिल्ड पाणी वापरा. ते रोज परवडत नसेल, तर ओल्या वातीवरून पंख्याने हवा फिरवणारा प्रकार बरा, त्यात क्षार वातीतच अडकतात. वात मात्र वेळेवर बदलायला हवी. वाफेच्या यंत्रातही भुकटीचा त्रास नाही, पण घरात रांगते मूल असेल तर उकळत्या पाण्याचे भांडे जमिनीवर नको.

प्रश्न : टाकीला वास येतो. पाण्यात थोडे जंतुनाशक टाकू का? निलगिरीचे तेल?

जंतुनाशक अजिबात नको, आणि हे मी जरा दरडावूनच सांगतो. दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायची जंतुनाशके वर्षानुवर्षे दुकानांत राजरोस विकली जात होती. फुप्फुसे निकामी होण्याशी त्यांचा संबंध २०११ साली उघड झाला. शेकडो माणसे दगावली, त्यांत लहान मुले आणि गरोदर स्त्रियाही होत्या. जे हाताला लावायला चालते, ते तुषार होऊन छातीत जाण्यासाठी बनवलेले नसते. तेलाने प्लॅस्टिकला तडे जातात, म्हणून तेही खास सोय असल्याशिवाय टाकीत नको.

वासावर उपाय कंटाळवाणा आहे. रोज टाकी ओतून, पुसून, कोरडी करायची. दर तिसऱ्या दिवशी व्हिनेगर घालून अर्धा तास ठेवायची, ब्रशने घासायची आणि भरपूर पाण्याने विसळायची. मी एकदा चार दिवस आळस केला आणि टाकीत बोट फिरवले. आतला बुळबुळीत थर आठवला की अजून अंगावर काटा येतो. रात्रभर तोच थर मी हुंगत होतो.

प्रश्न : यंत्राऐवजी खोलीत पाण्याचे पातेले ठेवले तर?

हिशेब करू. १२ चौरस मीटरची, ३ मीटर उंचीची खोली २५ वरून ४५ टक्क्यांवर न्यायला साधारण १२५ ग्रॅम पाणी हवेत जायला हवे. आणि फटींतून हवा सतत बदलत असल्याने ते एकदाच देऊन भागत नाही. थंड पाण्याच्या पातेल्यातून तासाला चमचाभरही उडत नाही. त्यापेक्षा पिळलेला ओला टॉवेल खुर्चीवर पसरा. पृष्ठभाग मोठा असल्याने खूपच जास्त पाणी उडते. कपडे खोलीतच वाळत घाला, फुकटचा ह्युमिडिफायर.

प्रश्न : हायग्रोमीटर ४५ दाखवतो, तरी सकाळी खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळते. यंत्र बिघडले का?

यंत्र ठीक आहे, काच थंड आहे. खोलीत २० अंश आणि ४५ टक्के असताना काच साधारण ८ अंशांखाली गेली की तिच्यावर दव जमणारच. बाहेर थंडी वाढेल तशी आतली आर्द्रता उतरवत जा, कडाक्याच्या थंडीत ३०-३५ वर समाधान माना. काच रोज सकाळी पुसा. बाहेरच्या भिंतीला चिकटून उभे असलेले कपाट एकदा पुढे ओढून मागे बघाच, कारण काचेवरचे पाणी दिसते, तिथली बुरशी वास आल्यावरच कळते.