मोठ्या बी-स्कूलचा ठप्पा: पैसे वसूल होतात का?

प्रश्न: ताई, मी सहा वर्षं सप्लाय चेनमध्ये काम करतेय, काम आवडतं, पगारही बरा आहे. आता एका नावाजलेल्या बिझनेस स्कूलमध्ये दोन वर्षांच्या एमबीएला ॲडमिशन मिळालीय, पण फी जवळपास सगळी लोन काढूनच भरावी लागेल. घरचे म्हणतात असा चान्स सोडू नकोस, बॉस म्हणतो इथेच थांब, दोन वर्षांत मॅनेजर होशील. खरंच जाण्यात अर्थ आहे का?

उत्तर: आधी मनापासून अभिनंदन! आता घरचे आणि बॉस दोघांनाही जरा बाजूला ठेव (बॉसला तर तुझी जागा भरायचं टेन्शन आलं असणार). तुझ्या पत्रात मला एकच गोष्ट सापडली नाही, ती म्हणजे एमबीए झाल्यावर तुला करायचंय काय. ते ठरल्याशिवाय बाकी सगळा हिशोब हवेत आहे.

कन्सल्टिंग किंवा इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये उडी मारायची असेल तर जा, कारण या कंपन्या ठराविक कॅम्पसवर ठराविक सीझनमध्ये येतात, पहिल्या वर्षानंतरच्या समर इंटर्नशिपमधूनच बऱ्याच जणांना ऑफर मिळते, आणि बाहेरून अर्ज टाकून तिथे शिरणं फार अवघड असतं. पण सप्लाय चेनमध्येच राहायचं असेल तर मला शंका आहे. तिथे सहा वर्षांचा अनुभव बोलतो, ठप्पा तेवढा बोलत नाही.

आणि हो, बराचसा ठप्पाच असतो तो. मायकेल स्पेन्स या अर्थतज्ज्ञाने 1973 मध्ये हेच मांडलं होतं की डिग्रीने तुमचं काम सुधारो न सुधारो, हा माणूस कष्टाळू आणि हुशार आहे एवढा सिग्नल ती कंपनीला देते (2001 च्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता). मग सहा वर्षांच्या कामातून तो सिग्नल ज्यांच्यापर्यंत आधीच पोचलाय त्यांना पुन्हा पटवायला एवढं लोन कशाला?

प्लेसमेंट रिपोर्टमधला आकडा बघून हुरळू नकोस. ज्यांनी पगार कळवला त्यांचाच तो मिडियन (म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावले तर मधोमध येणारा आकडा) असतो, शिवाय ती मुलं आत येण्याआधीच चांगल्या नोकऱ्यांत होती, म्हणजे त्यातलं किती कॉलेजमुळे आणि किती त्यांच्या स्वतःमुळे हे रिपोर्ट सांगतच नाही. डेल आणि क्रूगर या संशोधकांनी 2002 मध्ये अमेरिकेतल्या पदवी कॉलेजांबद्दल (एमबीए नाही, पण मुद्दा तोच) दाखवलं की तोडीस तोड मुलं कमी नावाच्या कॉलेजात गेली तरी पुढे साधारण तेवढंच कमावतात. मात्र गरीब घरातल्या मुलांना मोठ्या कॉलेजचा फायदा झाला. ओळखीपाळखी घरून मिळत नसतील तर नेटवर्कची किंमत खरंच मोठी, हे मी मान्य करते.

पैशाचं बोलायचं तर फी सगळे मोजतात, सोडलेला पगार कोणी मोजत नाही. दोन वर्षांचा पगार, मॅनेजर झालीस तर वाढणारा पगार, शिकत असतानाही साठत जाणारं व्याज, हे सगळं फीच्या शेजारी लिही आणि मग बेरीज कर. लोनचा हप्ता डोक्यावर असला की नोकरी निवडताना आवड मागे पडते आणि पॅकेज पुढे येतं, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत बघितलंय. इन्सियाड या फ्रान्समधल्या बिझनेस स्कूलसारख्या ठिकाणी 10 महिन्यांचा एमबीए असतो, पगार बुडतो तो निम्म्याहून कमी. बॉसला एवढी काळजी आहे तर कंपनी फी भरेल का तेही विचार, पण बाँड किती वर्षांचा ते नीट वाचून सही कर.

दहा वर्षांनी तुला जी खुर्ची हवीय तिच्यावर आज बसलेल्या पंधरा-वीस जणांचे प्रोफाइल काढ, किती जणांकडे असला एमबीए आहे ते बघ. आणि ॲडमिशन एक वर्ष पुढे ढकलता येते का, स्कॉलरशिप वाढवून मिळते का, हे दोन मेल डिपॉझिटची तारीख जायच्या आत पाठव. विचारल्याने ॲडमिशन कोणी काढून घेत नाही.