तीन वर्षं गप्प बसलं की केस पडते, हे आधी डोक्यातून काढा

दापोलीकडच्या एका बागायतदारांचा मेल आहे, पण याच छापाचे मेल मला सारखे येतात म्हणून इथेच उत्तर देतो. आंब्यावर माकडं येतात म्हणून त्यांनी ओळखीतल्या एकाकडून सेकंडहँड एअरगन रोखीत घेतली, बिल नाही, खोकासुद्धा नाही, कुणीतरी तक्रार केली आणि पोलिसांनी जप्त करून आर्म्स ॲक्ट लावला. तपासणीला लॅबकडे पाठवलीय म्हणतात, सव्वादोन वर्षं झाली, रिपोर्टचा पत्ता नाही. मित्र सांगतो, आणखी नऊ महिने काढ, केस मुदतबाह्य होईल.

मित्राचा कायदा जुना आहे. विनापरवाना हत्यार बाळगल्याचं कलम 25(1बी)(ए), त्याला आधी जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा होती, आणि तेवढ्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल कोर्टाला तीन वर्षांच्या आतच घ्यावी लागते. डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीने तीच शिक्षा किमान दोन, कमाल पाच वर्षं झाली. तीनच्या वर गेली की मुदतीची अडचण नाही, म्हणजे लॅबने अजून चार वर्षं लावली तरी चार्जशीट येऊ शकते, आणि तोवर पासपोर्टला, चारित्र्य पडताळणीला हा गुन्हा आडवा येत राहणार तो तुम्हालाच. उशीर तुमच्या बाजूने नाहीये.

आता जे तुम्ही दोन पानी मेलमध्ये लिहिलंच नाही ते, बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, किती? 2016 च्या आर्म्स रूल्सप्रमाणे 4.5 मिमी म्हणजे पॉइंट 177 इंचापर्यंतची आणि छर्रा सुटतानाची ऊर्जा 20 ज्यूलच्या आतली एअरगन असेल तर परवाना लागत नाही. पॉइंट 22, म्हणजे 5.5 मिमी, तिला लागतो. बॅरलवर बहुतेक वेळा आकडा कोरलेला असतो आणि पंचनाम्यात यायला हवा. घेताना एवढं तरी बघायचं होतं हो, बिल असतं तर मेक आणि मॉडेलवरून निम्मं काम झालं असतं.

4.5 असेल तर सगळा खेळ ज्यूलचा, आणि तो छर्‍यावर अवलंबून असतो. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा साधारण सेकंदाला 283 मीटरने सुटला की 20 ज्यूल भरतात. त्यामुळे रिपोर्टमध्ये नुसतं 'फायरआर्म आहे' असं चालवून घेऊ नका, कुठला छर्रा, वजन किती, वेग किती मोजला हे हवं.

पण मुळात गन लॅबला गेलीय का? हसू नका, मुद्देमाल पोलीस स्टेशनच्या कपाटातच पडून राहतो किंवा लेबल-सीलची त्रुटी काढून लॅब परत पाठवते आणि पुढे कुणी बघत नाही, असं मी बघितलंय. तपासी अंमलदारांकडून पाठवल्याचा जावक नंबर आणि लॅबची पोच मागा, लेखी. देत नसतील तर मॅजिस्ट्रेटकडे मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज टाका, बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 503, जुन्या सीआरपीसीचं 457. रिपोर्टशिवाय गन परत मिळेलच असं नाही, बहुधा नाहीच मिळणार, पण अर्जावर पोलिसांना म्हणणं द्यावं लागतं आणि गन नेमकी कुठेय ते कागदावर येतं. मला त्या अर्जातून एवढंच हवंय.

बाकी खटला चालवायला लागणारी जिल्हा मॅजिस्ट्रेटची आर्म्स ॲक्ट कलम 39 ची मंजुरी, हायकोर्टात गुन्हा रद्द करायला जाणं, हे रिपोर्ट आल्यावर बघू, आत्ता त्यावर वकिलाचे पैसे घालवू नका. आणि माकडांवर चालवायला घेतली होती असं जबाबात बोलला असाल तर तेही कळवा, वन्यजीव कायदा वेगळा आहे आणि त्याचं उत्तर वेगळं द्यावं लागेल.

आधी पंचनाम्याची नक्कल काढा. 5.5 लिहिलं असेल तर वरचा अर्ज टाकू नका, रिपोर्टची घाई करून तुमचा काहीच फायदा नाही, नक्कल घेऊन थेट रत्नागिरीतल्या एखाद्या फौजदारी वकिलाकडे जा.