फ्रँकोनियन, बव्हेरियन आणि आपला फिरंगी

प्रश्न असा आहे: फ्रँकोनियन बोली म्हणजे जुनी फ्रेंचच का, आणि न्युरेंबर्गकरांच्या बोलीला बव्हेरियन म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. प्रवासवर्णनांत, बातम्यांत हे 'बव्हेरियन' सरसकट चिकटवलेलं वाचून आता चीड येते. न्युरेंबर्ग, वुर्झबर्ग, बांबर्ग हा जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याच्या उत्तरेचा मुलूख म्हणजे फ्रांकन, इंग्रजीत फ्रँकोनिया. नेपोलियनच्या धामधुमीत, 1803 ते 1814 या काळात, तो तुकड्यातुकड्यांनी बव्हेरियाच्या पदरात पडला. आज नकाशात तो बव्हेरियाच आहे, पण तिथला माणूस स्वतःला आधी 'फ्रांक' म्हणवतो. 2 जुलैला फ्रांकन दिवस असतो. त्या दिवशी झेंडा लाल-पांढरा, बव्हेरियाचा निळा-पांढरा नव्हे.

बोली कानाला लगेच कळते. प आणि त मऊ पडून ब आणि द होतात, म्हणून नाव सांगताना 'कडक ब की मऊ ब?' असं विचारावं लागतं. 'पास्ट शोन', म्हणजे 'ठीक आहे', याचं तिथे 'बास्ड शो' होतं, आणि न्युरेंबर्गकराच्या तोंडून ती भरघोस स्तुती समजावी. गोंधळ वाढवला तो भाषाशास्त्रज्ञांनी. त्यांची 'मध्य फ्रँकोनियन' कोलोनची. 'मध्य फ्रांकन' नावाच्या प्रशासकीय विभागातलं न्युरेंबर्ग मात्र 'पूर्व फ्रँकोनियन'मध्ये, तेही उत्तर बव्हेरियनची छटा असलेलं. डचसुद्धा त्यांच्या लेखी 'निम्न फ्रँकोनियन'! फ्रेंचचं म्हणाल, तर ती लॅटिनची लेक. जर्मॅनिक फ्रँक राज्यकर्त्यांचं नाव तेवढं देशाला चिकटलं.

आता खरी मजा. याच फ्रँकांचं नाव अरबीत 'इफ्रंज', फारसीत 'फरंग' झालं आणि आपल्याकडे 'फिरंगी' म्हणून उतरलं. 'फिरत फिरत आले म्हणून फिरंगी' ही व्युत्पत्ती अजूनही छापली जाते. ती आता कृपा करून पुरून टाका. 'फिरंगरोग', म्हणजे उपदंश, हा शब्द तर सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात आहे. पण मला मोह आहे तो 'फिरंग' या तलवारीचा: युरोपात घडवलेलं सरळ, लांब पातं आणि त्याला आपल्याकडची मूठ. मराठ्यांची आवडती.

मूळ 'फ्रँक' म्हणजे 'मुक्त' असं काही कोश ठासून सांगतात. ते उलटं आहे. गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या मुलखात, फ्रँक हे सत्ताधारी, करमुक्त, म्हणून त्यांच्या नावालाच 'मुक्त' हा अर्थ नंतर आला. माझा कौल दुसऱ्या मताला: जुन्या इंग्रजीत 'फ्रांका' म्हणजे फेकायचा भाला. सॅक्सन लोकांचं नाव त्यांच्या 'सॅक्स' या सुऱ्यावरून पडलं, मग फ्रँकांचं भाल्यावरून का नसावं? 'शूर, उग्र' हा तिसरा अर्थ सुचवणाऱ्यांकडे नॉर्स या जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेचा आधार आहे, तरी मी भाल्यालाच धरून आहे. शस्त्रावरून लोकांना नाव पडलं आणि हजार-दीड हजार वर्षांनी सह्याद्रीत त्या लोकांच्या नावावरून पुन्हा शस्त्राला पडलं!