आई-बाबांचा विमा आणि साठ दिवसांची मुदत

मी न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये लोकांना विम्याचे फॉर्म भरून देते. त्यामुळे या सदरात आलेली पत्रं मी 'कोणती योजना चांगली' या बाजूने वाचत नाही. इमिग्रेशनचा कोणता कागद हातात आहे, तो कधी मिळाला आणि माणूस कोणाच्या टॅक्स रिटर्नमध्ये आहे, हे मी आधी बघते. योजना नंतर.

ताई, माझे आई-बाबा (वय ६६ आणि ७१) मार्चमध्ये ग्रीन कार्डवर ठाण्याहून आमच्याकडे एडिसनला आले. बाबांना महिना ४५,००० रुपये पेन्शन आहे, शिवाय थोडं एफडीचं व्याज. बाबांना बीपी-डायबेटिस, आईचे गुडघे. मी आणि नवरा मिळून वर्षाला १,७०,००० डॉलर कमावतो, एक मुलगी आहे. कंपनीच्या विम्यात आई-बाबा बसत नाहीत. एक मैत्रीण म्हणते, पासष्टीच्या वर आहेत म्हणजे मेडिकेअर मिळेल. दुसरी म्हणते, उत्पन्न कमी आहे म्हणून सगळं फुकट होईल. खरं काय?

दोघी मैत्रिणींना चहाला बोलवा, पण विम्याचं त्यांना विचारू नका.

मेडिकेअर, म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी विमा, आत्ता मिळणार नाही. नुसतं वय पुरत नाही. स्वतः किंवा जोडीदाराने इथे सुमारे दहा वर्षं, म्हणजे चाळीस तिमाह्या काम करून कर भरला असेल तर त्यातला पार्ट ए (हॉस्पिटलचा भाग) बिनप्रीमियम मिळतो. मुलीने भरलेला कर आई-बाबांच्या खात्यात धरत नाहीत. बाबांची भारतातली नोकरीही इथे मोजली जात नाही, कारण दोन देशांत तसा सामाजिक सुरक्षेचा करारच नाही. ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं राहिल्यावर मेडिकेअर विकत घेता येतं. २०२६ च्या दराने पार्ट ए ५६५ डॉलर आणि पार्ट बी (डॉक्टरांचा भाग) २०२.९० डॉलर, दर महिना, दर माणशी. पाच वर्षं भरतील ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण तेव्हा नावनोंदणी चुकवली तर पार्ट बी वर उशिराचा दंड बसतो आणि तो पुढे जन्मभर प्रीमियमला चिकटून राहतो.

'फुकट' म्हणजे मेडिकेड, कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा, न्यू जर्सीत त्याचं नाव एनजे फॅमिलीकेअर. तिथे ग्रीन कार्डवरच्या प्रौढांना १९९६ च्या कायद्यापासून पाच वर्षांची अट आहे. गरोदर बायका आणि मुलं यांना इथे ती लागत नाही, पण तुमचे आई-बाबा दोन्हींत बसत नाहीत.

मग उरतं मार्केटप्लेस, म्हणजे खाजगी योजना विकत घ्यायचा सरकारी बाजार, आपल्या राज्यात त्याचं नाव गेट कव्हर्ड एनजे. पासष्टीच्या वरचा पण मेडिकेअर न मिळणारा माणूस तिथे योजना घेऊ शकतो, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. बाबांचा डायबेटिस बघून कोणी नाकारू शकत नाही, की 'जुन्या आजारासाठी दोन वर्षं थांबा' असं भारतातल्या पॉलिसीसारखं म्हणू शकत नाही. मात्र खुली नोंदणी ठरावीक काळातच असते, २०२६ च्या योजनांसाठी ती १ नोव्हेंबर ते ३१ जानेवारी एवढीच होती. त्याबाहेर आलेल्यांना देशात आल्यापासून साठ दिवस. तुमची मुदत संपत आली होती म्हणून हे मी तुम्हाला आधीच कळवलं. इतरांनी मात्र नीट ऐका: साठ दिवस 'कार्ड हातात पडल्यापासून' मोजत बसू नका. प्लास्टिकचं कार्ड पोस्टाने यायला कितीही वेळ लागो, पासपोर्टमधल्या इमिग्रंट व्हिसाच्या पानावर विमानतळावर जो शिक्का मारतात, ते पानच वर्षभर ग्रीन कार्डाचा पुरावा म्हणून चालतं. त्याचा स्वच्छ फोटो काढा, चारही कोपरे दिसतील असा.

आणि नावं! आपल्याकडच्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं (बायकांच्या बाबतीत नवऱ्याचं) अशी दोन नावं छापलेली असतात. सोशल सिक्युरिटीच्या कार्डावरही तशीच येतात. मुलगी फॉर्म भरताना घाईत फक्त पहिलं नाव लिहिते आणि मशीन म्हणतं, असा माणूसच नाही. मग कागद मागवणारं पत्र येतं, ते जाहिरातींच्या गठ्ठ्यात जातं आणि मुदत उलटली की विमा बंद. कार्डावर जे अक्षर आहे तेच फॉर्मवर, मग ते कितीही विचित्र दिसो.

आता पैशांचं, आणि इथे बातमी वाईट आहे. २०२५ पर्यंत पाच वर्षांच्या अटीत अडकलेल्या कमी उत्पन्नाच्या ग्रीन कार्डवाल्यांना प्रीमियमवर चांगली सवलत मिळायची. जुलै २०२५ च्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून ती काढली. दोघांच्या कुटुंबाला २०२६ च्या योजनेसाठी गरिबीरेषा २१,१५० डॉलर धरतात आणि त्याखालच्यांना आता सवलत नाही. बाबांचं पेन्शन आणि व्याज मिळून सहा-सात हजार डॉलर होतात. म्हणजे उत्पन्न फार कमी, म्हणून सवलत शून्य! हे वाचून कपाळावर हात मारलात तर मी समजू शकते. मीही मारते, जवळपास रोज.

'मग आमच्या रिटर्नमध्ये अवलंबित दाखवतो' असं लगेच मनात येईल. आईला दाखवता येईल, कारण त्यांचं स्वतःचं उत्पन्न नाही आणि खर्च तुम्ही करता. बाबांना नाही, कारण अवलंबिताचं उत्पन्न साधारण सव्वापाच हजार डॉलरच्या आत लागतं आणि पेन्शन त्याच्या वर जातं. आईला घेतलं तर तुमचं कुटुंब चौघांचं, आणि चौघांना २०२६ साठी केंद्राची सवलत १,२८,६०० डॉलरच्या उत्पन्नापर्यंतच. तुम्ही त्याच्या वर आहात. राज्याची स्वतःची वेगळी सवलत त्याहून वरच्या उत्पन्नालाही मिळू शकते, तेवढी आईसाठी तपासून घ्या. आधी सीएकडे जा, मग मार्केटप्लेसकडे. उलट क्रमाने गेलात तर पुढच्या एप्रिलमध्ये सवलत परत करण्याची वेळ येते.

पेन्शन 'भारतातलं आहे, यांना काय कळणार' म्हणून लपवायचा सल्लाही कोणीतरी देईलच. ग्रीन कार्डवाल्याने जगभरातलं उत्पन्न दाखवायचं असतं. फॉर्मवर सही बाबांची असते, सल्ला देणाऱ्याची नव्हे.

तर पूर्ण दराने घ्यावं लागेल. त्या वयाला माणशी महिना हजार डॉलरच्या पुढे सहज जातं. परवडत नसेल तर निदान बाबांना तरी घ्या, असं मी म्हणेन, कारण गुडघ्याचं दुखणं वाट बघू शकतं, हृदयाचं नाही. आईसाठी कम्युनिटी हेल्थ सेंटर बघा, तिथे उत्पन्नाप्रमाणे फी घेतात. हॉस्पिटलात दाखल व्हायची वेळ आलीच तर न्यू जर्सीत चॅरिटी केअर, म्हणजे हॉस्पिटलच्या बिलात सूट, आहे, पण त्यात बँकेतली शिल्लकही बघतात आणि डॉक्टरांची स्वतंत्र बिलं धरत नाहीत. विमा म्हणून त्यावर विसंबू नका.

ताई, मी पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गला राहते. शेजारी भूतानहून नेपाळच्या छावणीत आणि तिथून इथे आलेलं कुटुंब आहे. त्यांच्या आजी नेपाळी बोलतात, मी मराठी, देवनागरीच्या जोरावर आमचं बरं चाललंय. त्यांना मेडिकेडचं जाड पाकीट आलंय. मुलं घाबरलीत की निर्वासितांचा विमा बंद होणार. मी काय करू?

आधी पाकीट उघडा आणि तारीख बघा. ते बहुधा वार्षिक नूतनीकरण असणार. लोकांचा विमा नव्या कायद्याने जितका जातो, तितकाच न उघडलेल्या पाकिटानेही जातो. पेनसिल्व्हेनियात ते कंपास या संकेतस्थळावर किंवा काउंटीच्या असिस्टन्स ऑफिसात भरता येतं. फोनवर नुसतं 'नेपाळी' म्हणा, दुभाषा फुकट देतात. नातवाला दुभाषा करू नका. आजीची लघवीची तक्रार तेरा वर्षांच्या पोराने इंग्रजीत सांगायची, हे आजीलाही नको असतं आणि पोरालाही.

भीतीत तथ्य आहे, पण ते आजींना लागू होतं का ते कागदावर ठरेल. आजवर निर्वासितांना मेडिकेडसाठी पाच वर्षं थांबावं लागत नव्हतं. जुलै २०२५ च्याच कायद्याने १ ऑक्टोबर २०२६ पासून पात्र लोकांची यादी आखडते आणि नुसत्या निर्वासित किंवा आश्रय मिळालेल्या दर्जावर केंद्राचं मेडिकेड मिळणार नाही. जानेवारी २०२७ पासून मार्केटप्लेसची सवलतही जाते. ग्रीन कार्डवाले आणि नागरिक यादीत राहतात. भूतानचे ल्होत्साम्पा (नेपाळी बोलणारे) लोक २००८ पासून इथे यायला लागले, त्यामुळे आजींकडे ग्रीन कार्ड असण्याची दाट शक्यता आहे, कदाचित कुठल्यातरी डब्यात. शोधायला लावा. काउंटीकडे मात्र त्यांची नोंद अजून 'निर्वासित' अशीच असेल, तर कार्डाची प्रत आत्ताच द्या, ऑक्टोबरची वाट बघू नका.

ज्यांनी वर्ष पुरं होऊनही ग्रीन कार्डाचा अर्ज केलेला नाही, त्यांना खरी घाई आहे. आणि नव्याने आलेल्यांना जी निर्वासितांची खास वैद्यकीय मदत मिळायची, ती मे २०२५ पासून बारा महिन्यांवरून चार महिन्यांवर आणली आहे. चार महिन्यांत माणसाला बसचा रस्ता कळत नाही, विमा कुठला कळायला! तुमच्यासारखे शेजारी म्हणूनच हवेत.

ताई, सासू-सासरे सहा महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर येतायत. त्यांना मार्केटप्लेसमधून घेता येईल का?

नाही. तिथे राज्याचा रहिवासी लागतो, पाहुणा नव्हे. व्हिजिटर इन्शुरन्स घ्या आणि दोन गोष्टी बघा. 'फिक्स्ड' योजना प्रत्येक उपचाराला ठरलेली छोटी रक्कम देते, बाकीचं तुमच्या बोकांडी. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' महाग असते, तीच घ्या. आणि जुन्या आजाराचं कलम शब्दन् शब्द वाचा. बहुतेक योजना त्याचा अचानक उद्भवलेला झटकाच धरतात, नेहमीची तपासणी आणि गोळ्या धरत नाहीत. गोळ्या इथे येतानाच सहा महिन्यांच्या आणायला सांगा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

ताई, आम्हाला पोळी-भाजीचा डबा देणाऱ्या काकूंचा व्हिसा केव्हाच संपलाय. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगाही तसाच. त्याला दम्याचा त्रास आहे. कुठे नेऊ?

मुलाला विमा मिळू शकतो. न्यू जर्सीत जानेवारी २०२३ पासून एकोणीस वर्षांखालच्या मुलांना, घरचं उत्पन्न बसत असेल तर, इमिग्रेशनचा दर्जा काहीही असला तरी एनजे फॅमिलीकेअर आहे. काकूंना स्वतःला नाही.

त्या घाबरत असतील तर 'काही होत नाही हो' असं त्यांना सांगू नका. २०२५ मध्ये केंद्राने मेडिकेडची माहिती इमिग्रेशन खात्याकडे दिली आणि त्यावरून न्यू जर्सीसह बरीच राज्यं कोर्टात गेली. अर्ज करायचा की नाही, हे काकूंनी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलून ठरवावं. फुकट सल्ला देणाऱ्या संस्था आहेत, नोटरीकडे मात्र जाऊ नये, तो इथे वकील नसतो.

तोवर मुलाला कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये न्या. व्हिसा विचारत नाहीत, फी उत्पन्नाप्रमाणे घेतात, इनहेलरही बऱ्याच ठिकाणी कमी दरात मिळतो. रात्री धाप लागली तर थेट इमर्जन्सीत. १९८६ च्या कायद्याने तिथे तपासून प्रकृती स्थिर करणं बंधनकारक आहे, विमा असो-नसो. बिल येईल. ते भरायच्या आधी हॉस्पिटलच्या काउंटरवर चॅरिटी केअरचा फॉर्म मागा. तिथे कोणी आपणहून तो पुढे करीलच असं नाही.