फुफ्फुसात पाणी झालं म्हणजे नेमकं कुठे झालं?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाबांच्या उजव्या फुफ्फुसात पाणी झालंय, डॉक्टर पाठीतून सुई घालून काढायचं म्हणतात. आजी म्हणते, फुफ्फुसाले भोक पडलं तर माणूस राहत नाही. आणि बाबा म्हणतात, दुखणं तर थांबलं, आता सुई कायले?

मी डॉक्टर नाही. विदर्भातल्याच एका मेडिकल कॉलेजात शरीररचना विभागात २९ वर्षं परिचर होतो. दान आलेले देह फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचे आणि विद्यार्थ्यांसाठी टेबलावर काढायचे, हे माझं काम. त्यामुळे छातीच्या पिंजऱ्यात कुठे काय असतं ते पुस्तकापेक्षा हातानंच जास्त माहीत आहे.

आजीला सांगा, पाणी फुफ्फुसात नाहीच. फुफ्फुसाच्या बाहेर आहे.

फुफ्फुसावर एक पातळ, चकचकीत पडदा घट्ट बसलेला असतो. उजव्या फुफ्फुसाचे तीन भाग, डाव्याचे दोन, आणि त्या भागांमधल्या फटींतही हा पडदा शिरलेला असतो. फुफ्फुसाच्या मुळाशी, जिथून श्वासनळी आणि रक्तवाहिन्या आत जातात तिथे, तोच पडदा उलटा वळतो आणि बरगड्यांना आतून अस्तरासारखा चिकटतो. खाली पोट आणि छाती वेगळे करणाऱ्या श्वासपटलावरही तोच. ढिली बांधलेली पन्नी घ्या आणि तिच्यात बाहेरून मूठ दाबा. मूठ पन्नीच्या आत जात नाही, पण मुठीभोवती पन्नीचे दोन थर होतात. मूठ म्हणजे फुफ्फुस. बाबांचं पाणी त्या दोन थरांच्या मध्ये आहे. उजवी-डावी पन्नी वेगवेगळी असते, म्हणून एक बाजू भरली तरी दुसरी श्वास घेत राहते.

निरोगी माणसाच्या या फटीतही पाणी असतंच, पण दोन्हीकडचं मिळून चहाचे दोन-तीन चमचे. पंगतीनंतर ओली ताटं एकात एक ठेवली की सहज फिरतात, पण ओढून वेगळी करायला गेलं की हात दुखतात. अगदी तसंच. फुफ्फुस स्वभावानं रबरासारखं आकसणारं, बरगड्या बाहेर ताणणाऱ्या, आणि मधला तो ओलावा दोघांना सुटू देत नाही. छाती फुगली की फुफ्फुसाला मागोमाग फुगावंच लागतं. हे पाणी सतत पाझरतं आणि सतत शोषलंही जातं. आजारानं पाझर वाढला किंवा शोषण अडलं की ते साचतं. मग बिचारं फुफ्फुस वरच्या बाजूला दबून बसतं.

आता बाबांचं दुखणं का थांबलं ते. यासाठीच खरं तर मी लिहायला बसलो.

माझ्या मामाला कापूस वेचणीच्या दिवसांत बरगडीखाली चमक निघाली. खोकलला की कळ, खोल श्वास घेतला की कळ. उसण भरली म्हणून मामीनं आठ दिवस तेल चोळलं. आठ दिवसांनी दुखणं गेलं! तेलाची कीर्ती गावभर झाली. पण पंधरा दिवसांनी मामाला धुऱ्यावर चढताना दम लागायला लागला आणि तो एकाच कुशीवर झोपायला लागला. एक्स-रे काढला तर डावी बाजू अर्ध्यापर्यंत पांढरी, म्हणजे पाण्यानं भरलेली.

फुफ्फुसावरच्या पडद्याला दुखणं कळत नाही. बरगडीकडच्या पडद्याला मात्र बरगड्यांच्याच नसा आहेत, तो फार हळवा. दोन्ही पडदे सुजले की प्रत्येक श्वासाला एकमेकांवर घासतात आणि कळ येते. मध्ये पाणी साचलं की ते घासणं बंद होतं. मामाचं दुखणं तेलानं नाही, पाण्यानं थांबवलं होतं. दुखणं कमी आणि दम जास्त, असं असेल तर माणूस बरा होतोय असं समजू नये. बाबांना हे समजावा. (श्वासपटलाच्या मधल्या भागाची नस मानेतून येते, म्हणून काहींचा आजार छातीत आणि दुखतो खांदा. यातही लोक तेलच लावतात.)

सुईचं म्हणाल तर बाबांना बसवून, पुढे उशीवर किंवा टेबलावर हात टेकवून वाकवतील. पाणी खाली उतरतं, आणि तिथे फुफ्फुसापेक्षा पडद्याची पिशवी तशीही खोल असते. आधी जागा बधिर करतात. बरगडीच्या खालच्या कडेला खाचेतून शीर, धमनी आणि नस जाते, म्हणून सुई नेहमी बरगडीच्या वरच्या कडेला लागून घालतात. आता बहुतेक ठिकाणी सोनोग्राफीवर जागा पाहतात. तुमच्याकडे ती सोय नसेल तर आर्वीहून सेवाग्रामचा मोठा दवाखाना काही फार दूर नाही. क्वचित पडद्यांच्या मध्ये हवा शिरते, हे खोटं सांगणार नाही. थोडी असेल तर आपोआप शोषली जाते, जास्त असेल तर नळी घालतात. एका वेळी साधारण दीड लिटरच्या वर काढत नाहीत, कारण दबलेलं फुफ्फुस एकदम उघडलं तर त्याच्याच आत पाणी उतरू शकतं. तेव्हा ‘सगळं कायले नाही काढलं’ म्हणून डॉक्टरशी भांडू नका.

काढलेलं पाणी तपासायला गेलंच पाहिजे. आपल्याकडे एका बाजूला वाळल्या गवतासारखं पिवळं पाणी निघालं की पहिला संशय टीबीचा, पण न्यूमोनिया, कर्करोग, हृदय, यकृत, मूत्रपिंड यांपैकी काहीही असू शकतं. टीबी निघाला तर साधारण सहा महिन्यांच्या गोळ्या, सरकारी दवाखान्यात फुकट. शिवाय निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते.

टाळाटाळ केल्यानं काय होतं तेही पाहिलंय. चांगल्या छातीत फुफ्फुसाभोवती हात घातला तर तो चारी बाजूंनी सरकत जातो. काही देहांत मात्र फुफ्फुस बरगड्यांना असं चिकटलेलं असे की बोटांनी खरवडून सोडवावं लागे. सर म्हणायचे, याला कधीतरी छातीचा आजार होऊन गेलाय. मामाचं पाणी वेळेवर काढलं, गोळ्याही पूर्ण झाल्या, आता तो बैलजोडी हाकतो.

सुई आत असताना हलायचं नाही. खोकला येतोय असं वाटलं तर आधी तोंडानं सांगायचं. पाणी निघत आलं की बरेचदा खोकल्याची उबळ येते, दबलेलं फुफ्फुस उघडत असतं. हे आजीलाही आजच सांगून ठेवा, नाहीतर तेवढ्या खोकल्यावर ती दवाखाना डोक्यावर घेईल.