चेकडिस्क आत्ता नको, आधी प्रत काढा

एक टीबीची डिस्क क्लोन होता होता (म्हणजे जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवताना) मधेच अडकते, स्मार्टमधला (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीतला) सी५ चा, म्हणजे नीट वाचता न आलेल्या सेक्टरांचा, आकडा वाढत चाललाय आणि दुकानदार म्हणतो, ‘आधी चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) मारू, मग क्लोन करू’, असं तुम्ही लिहिलंय. त्याला आत्ता फोन करून थांबवा. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल.

आमच्या डिस्कवर हाच प्रयोग झालाय. मुंबईतलंच एक सर्व्हिस सेंटर, नाव घेत नाही. ‘फक्त प्रत काढा, दुरुस्ती नको’ असं काउंटरवर सांगितलं होतं, पावतीवर लिहूनही घेतलं होतं. तरी आत कुणीतरी सवयीने चेकडिस्क ‘आर’ पर्याय लावून चालू केली आणि रात्रभर तशीच सोडली. चेकडिस्क तुमच्या फोटोंची काळजी करत नाही, तिला फाइल सिस्टिमच्या नोंदी जुळवायच्या असतात. जी नोंद जुळत नाही ती छाटते, आणि ही सगळी लिहालिही त्याच शेवटच्या घटका मोजणाऱ्या डिस्कवर करते. वर ‘आर’ म्हणजे खराब सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे) हुडकायला अख्खी डिस्क वाचून काढणं. आमच्या हाती परत आलं ते ‘फाउंड.०००’ नावाचं फोल्डर आणि त्यात नावं पुसलेल्या ‘सीएचके’ फायली. बारशाचे फोटो कुठले आणि सोसायटीचे हिशोब कुठले, एकेक उघडून शोधा. तक्रार केली तर पावतीची मागची बाजू दाखवली: डेटाची जबाबदारी ग्राहकाची. मग पुढच्या बाजूला मी जे लिहून घेतलं ते कशाला होतं? असो.

मी या धंद्यातला नाही, त्यामुळे पुढचं स्वतःच्या जोखमीवर करा. डिस्क टकटक किंवा खरखर आवाज करत असेल तर काहीच करू नका, बंद करून ठेवा. आवाज नसेल तर लाइव्ह लिनक्सवरून (पेनड्राइव्हवरूनच चालणारी लिनक्स) ग्नू डीडीरेस्क्यू चालवा, हा बिघडत्या डिस्कची प्रत काढणारा प्रोग्रॅम. पेनड्राइव्ह कसा बनवायचा ते सगळीकडे सापडतं. पहिली फेरी ‘एन’ पर्याय देऊन करा, म्हणजे ते अवघड जागी घुटमळत न बसता जे सहज वाचता येतंय ते आधी उचलतं. उरलेल्यासाठी ‘डी’ (डिस्क थेट वाचणं) आणि ‘आर३’ (तीनदा पुन्हा प्रयत्न) देऊन दुसरी फेरी. मॅपफाइल (काय वाचून झालं, काय राहिलं याची डीडीरेस्क्यूची नोंद) तिसऱ्याच ड्राइव्हवर ठेवा. लाइव्ह लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवलीत तर ती रॅममध्ये असते, वीज गेली की गेली. ती शाबूत असेल तर काम थांबलं तिथून पुढे सुरू होतं.

कमांडमध्ये आधी जुनी डिस्क, मग नवी. एंटर दाबण्यापूर्वी दोन्हींचे सीरियल नंबर लेबलशी ताडून बघा. उलट झालं तर माझ्याकडे उत्तर नाही.

निरोगी एक टीबी डिस्क सेकंदाला १०० एमबीने वाचली तर पावणेतीन तासांत आटोपते. तुमच्या डिस्कला कितीही लागू शकतात. लॅपटॉपची झोप बंद ठेवा, डिस्कवर पंखा सोडा. फ्रीजरचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या. मुंबईच्या दमट हवेत बाहेर काढल्या काढल्या तिला घाम फुटेल.

नवी डिस्क घ्यायला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जरूर जा, जुनी उघडून घ्यायला मात्र नको. ‘सारखीच आहे’ म्हणत ९६० जीबीची एसएसडी (फिरणारे भाग नसलेली डिस्क) गळ्यात मारतील, त्यात तुमची एक टीबी मावणार नाही. जुनी वॉरंटीत असली तरी प्रत हातात येईपर्यंत जमा करू नका. कंपनी डिस्क बदलून देते, डेटा नाही.

क्लोन झाल्यावर विंडोज सुरू करण्याआधी जुनी डिस्क काढून ठेवा, कारण दोन्हींची ओळख एकच असल्याने विंडोज त्यातली एक ऑफलाइन टाकतं. आणि चेकडिस्क? ती हवी तर नव्या प्रतीवर चालवा, तीसुद्धा महत्त्वाच्या फायली दुसरीकडे काढून घेतल्यावर.

डिस्क साधी फिरणारी आहे असं धरून हे लिहिलंय. एसएसडी असेल तर तसं सांगा, यातलं बरंच लागू पडणार नाही.