फेब्रुवारीचे तीनशे रुपये

पुणे, 5 मार्च

प्रिय पोरी,

पगाराच्या स्लिपचा फोटो मिळाला. "सर, दर महिन्याला 200 कापतात, या वेळी 300 का कापले?" आणि लगेच खाली, "एवढं शिकले, आता गरिबांसाठी काय करू?" पहिल्याचं उत्तर देता देता दुसऱ्याचं निम्मं उरकेल असं वाटलं, म्हणून मेसेज टाइप करायचा सोडून कागद घेतला. अक्षर लागत नसेल तर वडिलांकडून वाचून घे, त्यांना माझं अक्षर लागतं.

तो व्यवसाय कर आहे. 11 महिने 200, फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2,500. याच्या वर घ्यायचे नाहीत असं राज्यघटनेतच लिहिलंय, त्यामुळे तुझे 2,500 आणि तुझ्या एमडींचेही 2,500. महाराष्ट्रात हा कर 1975 च्या कायद्याने आला आणि आला तोच रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला आणि पाझर तलाव खणायला कामावर आली होती. मागेल त्याला काम द्यायचं, ही वि. स. पागे यांची कल्पना. तिचा कायदा झाला 1977 साली. पुढे 2005 मध्ये देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला तो याच वाटेने. सांगायचं ते एवढंच की शहरातल्या पगारदाराच्या खिशातून दुष्काळी गावातल्या हजेरीपटापर्यंत पैसा कसा पोचेल, याची वाट कोणीतरी कागदावर नीट आखली. त्यासाठी तुला दयाळू व्हावं लागलं नाही. तुला तर माहीतही नव्हतं. पेरोलमधला मुलगा कापतो आणि पैसे जातात.

आता तुझ्या घरचंच घे. तुझे वडील मार्केट यार्डात भुसार विभागात हमाल. 1969 च्या माथाडी कायद्याआधी हमालाला पीएफ असतो असं कोणी म्हटलं असतं तर यार्डात हशा झाला असता. हमाल आज एका व्यापाऱ्याकडे, उद्या दुसऱ्याच, मालक नक्की कोण हेच ठरत नाही, मग पीएफ कोण भरणार? कायद्याने उत्तर काढलं ते साधं होतं: व्यापाऱ्यांनो, मजुरी माथाडी मंडळात जमा करा, तिच्यावर लेव्ही म्हणजे ठरलेली जादा रक्कम भरा, आणि त्यातून पीएफ, बोनस, रजा, दवाखाना. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा आढाव यांनी त्यासाठी किती मोर्चे काढले ते वडिलांना विचार, ते माझ्यापेक्षा रंगवून सांगतील. तुझ्या पहिल्या सेमिस्टरची फी त्यांनी पीएफमधून काढली होती, हे त्यांनीच मला सांगितलंय. लेव्ही भरताना एकाही व्यापाऱ्याचे डोळे पाणावले नसतील, शिव्याच घातल्या असतील. तरी फी भरली गेली.

"समाजाचं देणं" असं तू लिहिलंस. सत्कार समारंभात हा शब्द फार चालतो आणि तिथे त्याचा अर्थ होतो वह्यावाटप. आपण दोघं हिशेबाची माणसं. हिशेबात देणं म्हणजे देणं: कोणाचं, किती, कधीपासून थकलंय. त्या अर्थाने विचार कर.

तुमच्या एमबीएच्या अभ्यासक्रमात सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाचा, एक पेपर असतो. कंपनी कायदा 2013, कलम 135. नेटवर्थ 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा नफा 5 कोटी, यातलं एक जरी असलं तरी मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्च करायचे. त्याच्या नियमांत एक ओळ आहे, परीक्षेत ती कोणी विचारत नाही. कंपनीच्या नेहमीच्या धंद्याच्या ओघात जे होतं ते सीएसआर धरायचं नाही. कायद्याच्या दृष्टीने बरोबरच आहे, नाहीतर लोकांनी जाहिरातीचा खर्चही त्यात घुसवला असता. पण याचा परिणाम असा की माणसं 2 टक्क्यांत पुण्य शोधतात आणि उरलेल्या 98 मध्ये काय चाललंय ते पाहत नाहीत. गरीब माणूस त्या 98 मध्ये बसलेला असतो. तुझ्या गेटवर, कँटीनच्या मागे, आणि तुझ्या पुरवठादाराच्या शेडमध्ये.

हे मला कोणी शिकवलं नाही, उशिराच कळलं. तिशीत होतो, एका मोठ्या कंपनीत मटेरियल्सला. मी एक परिपत्रक काढलं, जेमतेम चार ओळींचं: लहान पुरवठादारांचे पैसे 45 ऐवजी 90 दिवसांनी. वर्किंग कॅपिटलचा, म्हणजे रोजच्या धंद्यात अडकलेल्या पैशाचा, आकडा असा काही सुधारला की साहेबांनी मीटिंगमध्ये पाठ थोपटली आणि सहकुटुंब गोवा दाखवला.

त्याच वर्षी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी भोसरीला एका पावडर कोटिंगवाल्याकडे (लोखंडी भागांवर भट्टीत रंग चढवून देणारा) गेलो, काही ब्रॅकेट रिजेक्ट झाले होते त्याचं भांडण घेऊन. ओव्हन बंद. हुकांवर ब्रॅकेट तसेच टांगलेले, अर्धे काळे, अर्धे उघडे. कोपऱ्यात लोखंडी टेबलावर मालकाची बायको शाळेची दोनशेपानी वही उघडून बसली होती. डावीकडे कामगारांची नावं, उजवीकडे आकडे: 500, 300, 300. दोन नावांपुढे नुसतं "नंतर". एकापुढे "साडी". बोनसची यादी होती ती. पावडर त्याला रोखीने घ्यावी लागायची, आमचे पैसे 90 दिवसांनी, मधली फट तो महिन्याला 3 टक्क्यांनी भरत होता. हे त्याने सांगितलं नाही, मीच नंतर हिशेब मांडला. तो काहीच बोलला नाही. रिजेक्शन मान्य केलं, चहा मागवला, आणि निघताना काजूकतलीचा डबा हातात ठेवला. किलोचा.

मी तो घेतला. दिवाळीत घरी आलेल्यांनी खाल्ला.

नंतर बऱ्याच वर्षांनी, 2006 मध्ये, लघुउद्योगांचा कायदा आला. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत. उशीर केलात तर बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. 2023 च्या वित्त कायद्याने आयकरातही कलम घातलं, 43बी(एच): मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरायचा नाही, प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी धरा. तेव्हा कुठे मोठ्या कंपन्यांच्या सीएफओंना, म्हणजे पैशाचा कारभार पाहणाऱ्या साहेबांना, पावडर कोटिंगवाल्याची आठवण झाली.

तू पर्चेसमध्ये आहेस म्हणून पळवाटाही सांगून ठेवतो, तुला त्या शिकवल्या जातीलच. माल गेटवर आलाय, एंट्री झालीय, पण जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पावती, निघत नाही, कारण "क्वालिटीत पडलाय". मोजणी जीआरएनपासून धरायची असा सगळ्यांचा समज. कायदा तसं म्हणत नाही. 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल पोचला त्या दिवसापासून घड्याळ चालू. दुसरी पळवाट गोड बोलून: "शेठ, तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन आमच्या सिस्टिमला अडचण करतंय, काढून टाकता का?" (उद्यम म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी झालेली नोंद.) दोन पुरवठादारांनी हे मला घरी येऊन सांगितलंय. कोणी तुला असा फोन करायला सांगितला तर करू नकोस. भांडू नकोस, नाटक करू नकोस, नुसतं म्हण की सर, एवढं मेलवर लिहून द्या. मेल येत नाही. माझा अनुभव आहे.

दुसरी जागा टेंडरची. हाउसकीपिंग आणि सिक्युरिटीचे दर आले की तुलनेचा तक्ता तुझ्याकडे येईल आणि सगळ्यात खालच्यावर खूण करायची असते. खूण करण्याआधी गुणाकार कर. किमान वेतन 100 धर. मालकाचा पीएफ खर्चासकट 13, ईएसआय म्हणजे कामगार विमा 3.25, बोनस 8.33. झाले 124.58. अजून सुटीच्या दिवशीचा बदली माणूस, रजा, गणवेश, ठेकेदाराचा नफा काहीच धरलेलं नाही. आणि एक जण 112 ला करतो म्हणतोय, सेवाशुल्क शून्य. तो काही संत नाही. 112 मध्ये 124 बसत नाहीत, मग ते कोणाच्या तरी अंगावरून कापले जाणार. सगळ्यात जुनी रीत म्हणजे पगार खात्यात पूर्ण जमा करायचा, कागद स्वच्छ, आणि पोरांची एटीएम कार्डं सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये. ऑडिटला बँक स्टेटमेंट दाखवायचं. म्हणून ऑडिटला विचारू नकोस, रात्रपाळीच्या वॉचमनला विचार, तेही एकदम नाही, चार वेळा चहा झाल्यावर: मामा, कार्ड कुठे असतं तुमचं? आणि ठेकेदाराने पगार बुडवला तर जबाबदारी शेवटी मूळ मालकाची, हे कायदाही म्हणतो. तुझ्या बॉसला नीती सांगण्यापेक्षा हे वाक्य सांग. लवकर कळतं.

तुझी ती मैत्रीण मायक्रोफायनान्समध्ये, म्हणजे गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीत, गेली आणि "ती डायरेक्ट गरिबांसाठी काम करते, मी ब्रॅकेट विकत घेते" असं तू लिहिलंस. तिचा हेवा करू नकोस. 2010 साली आंध्रात काय झालं ते वाच. एकेका बाईच्या नावावर चार-चार कंपन्यांची कर्जं, वसुलीचा तगादा, आत्महत्यांच्या बातम्या, आणि ऑक्टोबरात सरकारचा वटहुकूम. त्या कंपन्यांतही हुशार, भल्या मनाची एमबीए मुलं होती. आता 2022 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की घरचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत. चांगला नियम आहे. पण ते उत्पन्न फॉर्मवर लिहितो कोण? फिल्डवरचा पोरगा, ज्याला महिनाअखेरीस टार्गेट गाठायचंय. आणि टार्गेट ठरवतं कोण? तुझ्या मैत्रिणीच्या टेबलावरची एक्सेल शीट. तिलाही हे पत्र दाखव हवं तर.

नोकरी सोडून गावात जाऊ का, हाही एक प्रश्न होता. आत्ता नको. आधी एज्युकेशन लोन फेड. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे त्याला साहेबासमोर "मेल करा" म्हणायला जड जातं, हे व्यवहाराचं सांगतोय. पुढे कधी जावंसं वाटलं तर दोन माणसं बघून जा. रवी मथाई अहमदाबादच्या आयआयएमचे पहिले पूर्णवेळ संचालक. 1972 मध्ये खुर्ची स्वतःहून सोडून तिथेच साधे प्राध्यापक म्हणून राहिले आणि काही वर्षांनी राजस्थानात तेव्हाच्या अजमेर जिल्ह्यातल्या जवाजाला, चामड्याचं काम करणाऱ्या आणि विणकर कुटुंबांत जाऊन बसले. ज्या भागात काही साधनं नाहीत म्हणून कागदावर फुली मारलेली, तिथे माणसांच्या हातातलं कसब हेच साधन धरून सुरुवात केली. दुसरे अमूलचे कुरियन. अमेरिकेत शिकून आलेला इंजिनिअर, 1949 मध्ये सरकारी बाँड फेडायला नाइलाजाने आणंदला आला, आणि राहिला तो शेतकऱ्यांच्या संघाचा नोकर म्हणून. पगार दूधवाल्यांच्या संघाकडून, मालक तेच. 1979 मध्ये त्यांनी आणंदला ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था काढली ती अशा नोकरांची पुढची फळी तयार करायला. गावात जायचं तर नोकर म्हणून जा, तारणहार म्हणून जाणारे मी पुष्कळ पाहिलेत, दोन वर्षांत परत येतात आणि मग भाषणं देतात.

असो. फार लांबलं. सध्या एवढंच कर. 31 मार्च जवळ आलाय. अकाउंट्समधल्या मुलाकडून तुझ्या विभागाच्या पुरवठादारांची एजिंग, म्हणजे कोणाचं बिल किती दिवस थकलंय त्याची यादी, काढून घे, उद्यम नोंदणी असलेले वेगळे कर, आणि 45 दिवसांच्या पुढे किती नावं आहेत ते मोज. यादी मला पाठवू नकोस, ती कंपनीची आहे. फक्त आकडा सांग. पहिल्या वेळी घाबरशील इतका मोठा असेल. त्यातल्या सगळ्यात लहान रकमेपासून सुरू कर, लहान बिलं सहीला अडत नाहीत, आणि ज्याचं बिल सगळ्यात लहान त्याची गरज बहुतेक सगळ्यात मोठी असते.

वडिलांना सांग, एखाद्या दुपारी यार्डात येतो. तिघं मिळून हमाल पंचायतीच्या 'कष्टाची भाकर' केंद्रात जेवू. मागच्या वेळी त्यांनी मला पाकीट काढू दिलं नव्हतं, या वेळी तू दे.

तुझा,
सर